घटाबाहेरची ज्वारी

तुळशीराम,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळच्या गाडीनं अकोल्याला परत आलो आणि जठारपेठेतल्या माझ्या खोलीत हे लिहायला बसलो. इथून अमरावतीला तुला किती कार्डं धाडली त्याचा हिशेब नाही, पण कधी शाई सांडली नव्हती. आज दोनदा सांडली. मी भ्यालो आहे, गड्या. तू गेल्याचं दुःख आहेच, पण ते भीतीच्या मागं उभं आहे आणि भीती त्याला पुढं येऊ देत नाही.

निघताना सरूवहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, येत्या अखजीले घट तुमीच मांडा. पोरी आपापल्या घरी गेल्या. आता तुमच्याबिगर कोनाले येते मांडता?" अक्षय्य तृतीयेला वर्षाचं भाकीत बघायला तुमच्या मळ्यात मांडायचा तो घट, तुझ्या आजोबापासून चालत आलेला. मी मान डोलावली. टांग्यात बसल्यावर वाटलं, परत जाऊन नाही म्हणावं. कारण यंदाचा घट मी मोडला होता. हे तुला ठाऊक नाही. तुला सांगायचं राहिलं, आणि वहिनींना सांगायची छाती होत नाही.

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुला यातलं बरंचसं पाठ आहे, पण क्रमानं गेलो नाही तर मी मधेच पळ काढीन.

फुटबॉल आपण शिकलो अमरावतीच्या शाळेच्या मैदानावर, अनवाणी. भाजीच्या गाडीवर कोबीचे गड्डे झेलत तू वाढलेला, म्हणून तू गोली. मी पुढचा, कारण मला मागं उभं राहायचा धीर नव्हता. पुढं मॅट्रिक नापास होऊन तू मळ्यात गेलास आणि मॅट्रिक पास होऊन मी कापसाच्या कंपनीत कारकून झालो. यात जास्त नुकसान कोणाचं झालं, तेवढ्या एकाच विषयावर आपण कधी भांडलो नसू.

कंपनीच्या साहेबाकडं बोटीनं खेळांची सचित्र वर्तमानपत्रं येतात. त्याची वाचून झाली की मी ती जमवायचो आणि गठ्ठा बांधून तुझ्याकडं आणायचो, कारण वहिनींना हार आणि झेंडूची फुलं गुंडाळायला रद्दी लागते. पण गठ्ठा आधी आपला. विहिरीच्या काठावर बसून एकेक चित्र बघायचं, मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचा आणि मग भांडणाला तोंड फुटायचं. मी इटलीचा, तू ऑस्ट्रियाचा. इटली आणि ऑस्ट्रियावरून महिना महिना अबोला धरणारी माणसं साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात आपण दोघंच असू. वहिनी विचारायच्या, "ह्या गावाईत तुमचं कोन ऱ्हायते हो?"

चार वर्षांपूर्वीच्या जगाच्या स्पर्धेत इटलीनं ऑस्ट्रियाला एका गोलनं हरवलं होतं. मैदानात चिखल होता. ती बातमी मी वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून तू एकच धरून बसलास. "चिखलात जिकनं म्हंजे जिकनं नोहे. त्याईचा खेळ जमिनीवरून, बारीक बारीक पासचा. आपल्या काळ्या मातीत आखाडात चार पावलं चालून पाह्य. पायाले ढेकूळ चिकटते. थ्या मातीत कोनी नाचून दाखवन का?" मी म्हणायचो, चिखल दोघांनाही सारखाच होता. त्यावर तू, "सारखा कसा बे? नाचनाऱ्याले जास्ती लागते." याला मला चार वर्षांत उत्तर सापडलं नाही. तुझ्या तोंडावर मी हे कबूल केलं नाही, आता करतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला. स्पर्धेला तीन महिने उरले असताना देशच नाहीसा झाला. मी कार्डावर डिवचलं, तुझी टीम आता नकाशावरही नाही, दुसरी बघ. तुझं उत्तर आलं, "देश गिळता येते. खेळ कसा गिळसीन?" ते कार्ड आत्ता माझ्यासमोर आहे.

मग अखजी आली आणि मी दोन दिवसांची रजा टाकून तुझ्याकडं आलो. संध्याकाळी तू विहिरीपलीकडं घटाचा गोल आखलास. मधे खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि गोलाच्या आतून एकेका धान्याचा एकेक दाणा. रात्रभर तिकडं कोणी फिरकायचं नाही, आणि सकाळी कोणता दाणा जागचा हलला ते बघून वर्ष सांगायचं. तूर सरकली तर तुरीचं पीक डळमळीत. ज्वारी मात्र तुमच्या घरात नुसती ज्वारी नव्हे, ती घरधन्याची. तुझा बाप गेला त्या साली ज्वारी घटाबाहेर पडली होती, हे तू मला शाळेत असतानाच सांगितलं होतंस. म्हणजे मला माहीत होतं. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत होतं.

यंदा तुला लहर आली. प्रत्येक दाण्याला तू एक देश वाटून दिलास. तिथले राज्यकर्ते काळे कुर्ते घालतात म्हणून काळा तीळ इटलीचा. तूर हंगेरीची, मका ब्राझीलचा. वहिनी रागावल्या, "देवाच्या दाण्याईले खेळात कायले ओढता?" तू म्हणालास, "देवालेबी जरासा खेळ पाहू दे ना." आणि ज्वारी, तुझी स्वतःची ज्वारी, तू ऑस्ट्रियाला दिलीस. मी म्हटलं, जो देशच नाही त्याचा दाणा मांडता येत नाही. "कागदावर नसन," तू म्हणालास, "माह्या घटात हाये."

दुसऱ्या दिवशी पहाटे लोटा घेऊन मी मळ्याकडं निघालो. तुम्ही दोघं अजून उठला नव्हता. वाटेत घट दिसला. सगळे दाणे जिथल्या तिथं होते. मी तीळ उचलून घागरीला अगदी खेटून ठेवला आणि ज्वारीला एक टिचकी मारली. ती गोलाबाहेर हातभर जाऊन पडली. मी एकटाच हसत होतो. तू येशील, ऑस्ट्रिया बाहेर बघून तुझं टाळकं फिरेल, मग मी खरं सांगेन आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालशील. एवढाच बेत होता, तुळशीराम. याच्यापेक्षा काडीभरही जास्त नव्हता.

तू आलास आणि उकिडवा बसलास. चिडला नाहीस. बराच वेळ बघून मोठ्यानं म्हणालास, "तीळ घागरीपाशी हाये. यंदा इटली जिकते, महाद्या." आणि मग हळूच, "जवारी बाहेर गेली." मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. तेवढ्यात वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. त्यांनी बघितलं आणि ताटासकट मटकन खाली बसल्या. त्यांचा चेहरा बघितला आणि मी ताट सावरायला वाकलो. तीन पिढ्यांचा घट मी गंमत म्हणून विस्कटला, हे त्या चेहऱ्यासमोर कसं सांगणार होतो? म्हटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी माझी गाडी होती. म्हटलं, कार्डावर लिहू.

मग स्पर्धा सुरू झाली. मुंबईच्या पेपरात दोन-चार ओळी यायच्या, त्या मी तुला कळवायचो. ऑस्ट्रिया आली नाही म्हणून स्वीडनला न खेळताच पुढं चाल मिळाली. ऑस्ट्रियाचे काही गडी जर्मनीकडून खेळले आणि जर्मनी स्वित्झर्लंडकडून हरली. त्यावर तुझं कार्ड, "दुसऱ्याच्या वावरात जुंपलेला बैल कसा चालन?" ब्राझीलच्या एका खेळाडूनं चिखलात बूट काढून टाकले म्हणे, हे वाचून तू अर्धं कार्ड नुसतं "अनवानी! अनवानी!" असं भरवलंस. तोवर मला वाटत होतं, घटाचं तू विसरलास.

पण इटली जिंकत होती. पहिली मॅच, मग दुसरी. प्रत्येक वेळी मी फुशारकीनं लिहायचो आणि तुझी कार्डं आखूड होत गेली. शेवटच्या कार्डावर एकच ओळ होती, "तिळाचं खरं होऊन राह्यलं."

ती ओळ मी तीनदा वाचली. त्याच रविवारी मी आलो. तू वहिनींना मोट कशी जुंपायची ते शिकवत होतास. कोणत्या वाफ्याला किती पाणी, शेवंतीचं बियाणं कोणत्या मडक्यात, सगळं. त्या म्हणत होत्या, "मले कायले हे सांगता?" आणि तू म्हणत होतास, "असू दे ना मालूम." माझ्याकडं बघून हसलास. तुळशीराम, पेनल्टीलाही न डगमगणारा तू, त्या हसण्यात घाबरला होतास. तिळाचं खरं होतंय म्हणजे ज्वारीचंही होणार, हे गणित तू मांडून बसला होतास आणि ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. तरी मी बोललो नाही. आता इतके दिवस लपवून ठेवल्यावर सांगितलं तर तू काय म्हणशील, याची मला भीती वाटली. माझी भीती मी तुझ्या भीतीच्या वर ठेवली.

त्यानंतर मी इटलीचा उरलो नाही. इटलीची गाठ ब्राझीलशी पडली तेव्हा ब्राझीलसाठी मी मारुतीला नारळ बोललो. इटली जिंकली. शेवटच्या सामन्यात समोर हंगेरी. मी कंपनीच्या वजनकाट्यापाशी उभा राहून हंगेरीचा जप केला. पेपर आला. इटली चार, हंगेरी दोन.

मी रजा टाकली. बडनेऱ्याला गाडी बदलली आणि तुझ्या बांधावर येऊन लांबूनच ओरडलो, "हंगेरी जिंकली! चार-दोन!" तू हातातलं खुरपं टाकलंस. "तूर जिकली?" मी म्हटलं, तूर जिंकली. "मंग तीळ खोटा पडला?" मी म्हटलं, साफ खोटा. तू चिखलातून माझ्याकडं पळत आलास. त्या संध्याकाळी वहिनींनी रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली आणि तू माझ्याहून तीन रोडगे जास्त खाल्लेस. चला, खोटं बोलून का होईना, पाप फिटलं असं मला वाटलं. परत जाताना मी गाडीत शीळ वाजवत होतो.

श्रावणात मी पुन्हा आलो तेव्हा हारांचे दिवस होते. नेहमीसारखा रद्दीचा गठ्ठा आणून वहिनींपुढं टाकला. तू बाजारात होतास आणि मला परतायची घाई होती. गठ्ठा चाळून पाहिला नाही. साहेबाकडून आणलेलं मी बांधलं आणि दिलं. दहा वर्षांची सवय, तुळशीराम. खोटं बोलायची मला सवय नव्हती, रद्दी आणायची होती.

भाद्रपदात तुला ताप आला. मुदतीचा ताप, वैद्य म्हणाले. निरोप मिळाला तसा मी आलो आणि येताना टांगा घेऊनच आलो, मोठ्या दवाखान्यात न्यायला. तू मान हलवलीस. "ऱ्हाऊ दे ना गड्या. जे मांडलं थे झालं." मग डोळे मिटून म्हणालास, "इटली लय भारी होती ना बे?" मला वाटलं, तापात बरळतो आहेस. खोलीत वहिनी होत्या, दोघी पोरी होत्या, भाऊबंद होते. ती टिचकी माझी होती, एवढे चारच शब्द होते. चार शब्द बोललो असतो तर तू टांग्यात बसला असतास का? मी म्हणालो, "आता पडून राहा, उद्या बोलू." टांगा परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास.

काल तेरवीचं जेवण झाल्यावर वहिनींनी फडताळातून एक घडी केलेला कागद काढून माझ्यापुढं धरला. साहेबाच्या पेपराचं पान. त्यात चषक धरून उभे असलेले खेळाडू, आणि खाली इंग्रजीत ठळक अक्षरात इटली. तेवढं इंग्रजी तुला येत होतं. वहिनी म्हणाल्या, "हार बांधता बांधता हा कागद त्याईच्या हाती आला. त्या दिवशी जेवले नाईत. मले म्हने, महाद्याले सांगजो नोको. थो माह्यासाठी खोटं बोलला, त्याले वाईट वाटन."

तू मला सांभाळत होतास. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तू तुझी भीती एकट्यानं गिळलीस. महिनाभर त्या भीतीबरोबर मोट हाकलीस, हार विकलेस, मला "सगळं बरं हाये" अशी कार्डं धाडलीस. मी तुझा मित्र आणि तू माझा, पण यातला मित्र कोण होता हे मी कोणाला तोंड वर करून सांगणार?

दिवसा मी स्वतःला समजावतो, दाण्यानं माणूस मरत नाही. मग दिवेलागणीला वाटतं, आणि मरत असेल तर? पण खरी भीती ती नाही, हे लिहिता लिहिता कळलं. टिचकीनं तू गेला नसशील. तू टांग्यात बसला नाहीस, आणि का बसला नाहीस ते या खोलीत बसलेला एक माणूस जाणतो.

इथवर लिहून कागद काही दिवस तसाच ठेवला होता. काल रविवार, अमरावतीला जाऊन आलो.

वहिनी मळ्यात शेवंती खुडत होत्या. मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. तीळ, टिचकी, हंगेरी, रद्दी, टांगा. मधे थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो. त्यांनी खुडणं थांबवलं नाही. टोपली भरली, तेव्हा म्हणाल्या, "हे मले सांगून काय होते, भाऊजी? त्याईले सांगाचं होतं."

मी म्हटलं, हो.

टोपली उचलून पुन्हा बोलल्या. "अखजीले या. त्याईच्या आज्याचा घट हाये, थो बंद पडाचा नाई. तुमी मांडा. पन या खेपेले मी बसून ऱ्हाईन तथीसा, सकाळ होईपर्यंत." मी म्हणालो, घटापाशी कोणी थांबायचं नसतं अशी रीत आहे ना? त्या म्हणाल्या, "रीत तुमी ठेवली होती का?"

मग खोपीत गेल्या. आढ्याला बियाण्याच्या ज्वारीची कणसं टांगलेली आहेत, तू टांगलेली. त्यातल्या एका कणसाचा एक दाणा त्यांनी चिमटीनं सोडवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "हा अखजीपर्यंत तुमच्यापाशी सांभाळा. आता घरधनी मीच ना. हा माहा दाना."

तो घेऊन मी अकोल्याला आलो. आज कंपनीत कोटाच्या खिशात होता, आत्ताही आहे. अखजीला अजून बरेच महिने आहेत. लिहिता लिहिता दर थोड्या वेळानं हात घालून बघतो. आहे, तुळशीराम. अजून आहे.

तुझा,
महाद्या